अंडरग्राउंड केबलची तात्पुरती दुरुस्ती : कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीचा अनुभव

जुलैतला शनिवार, संध्याकाळपासून धो धो पाऊस. साडेसातला आमच्या विंगमधले दिवे एकदम भगभगीत पेटले आणि समोरच्या घरात पंखा मात्र रडतखडत फिरायला लागला. तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रीज त्यातच गेला. मी खाली पळत जाऊन मीटर रूममधला मेन पाडला, कारण हे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटल्याचं लक्षण आहे एवढं माहीत होतं. न्यूट्रल गेला की एका फेजला (वीज आणणाऱ्या तीन वायरींपैकी एकीला) २९० व्होल्ट आणि दुसऱ्याला १७० असलं काहीही येतं.

पहिल्यांदा जवळचा एक वायरमन आला, म्हणे अर्थिंगच्या पट्टीलाच न्यूट्रल जोडतो, अर्ध्या तासात लाइट चालू. मी स्पष्ट नाही म्हटलं. असं केलं आणि ती अर्थिंग कुठे सुटली की प्रत्येक गीझर, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट. कृपा करून कोणीही हे करू देऊ नका, लाइट रात्रभर नसली तरी चालेल.

मग ओळखीतून लायसन्सवाले कॉन्ट्रॅक्टर मिळाले. यायला तीन तास उशीर केला, पण काम बघून बरं वाटलं. आधी केबल दोन्ही टोकांना सोडवली, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून एकेक कोर, म्हणजे केबलच्या आतली वायर तपासली, तिन्ही फेज ठीक, न्यूट्रल ओपन म्हणजे तुटलेला. पार्किंगजवळच्या चेंबरपाशी जुना जॉइंट होता तिथेच खणलं आणि जॉइंट उघडला तर आत पाणी, अॅल्युमिनियमच्या न्यूट्रलची अक्षरशः पांढरी भुकटी झालेली. साडेतीन कोरच्या केबलमध्ये न्यूट्रल आधीच फेजच्या साधारण निम्म्या आकाराचा असतो, त्यात ही अवस्था.

मला वाटलं आता लगेच नवा जॉइंट मारतील, पण खड्ड्यात पाणी भरत होतं आणि दादा म्हणाले ओल्या केबलवर जॉइंट केला तर पुढच्या पावसात परत बोलवाल. त्यांनी फीडर पिलरपासून (बाहेरची वीज वाटपाची पेटी) मीटर रूमपर्यंत भिंतीच्या कडेने वरून चार कोरची आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल टाकली. नुसता न्यूट्रल वेगळा ओढला नाही, तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच केबलमधून नेले. जुन्या केबलची टोकं टेप करून त्यावर बंद असल्याची पाटी लावली. रात्री दोनला लाइट आली, प्रत्येक मजल्यावर व्होल्टेज मोजून दाखवलं. केबल जरा बारीक आहे म्हणून सगळ्यांनी एकदम गीझर लावू नका असंही सांगून गेले.

केबलच्या महिन्याच्या भाड्यासकट १४ हजार घेतले, मला जास्त वाटले नाहीत. एक मात्र खटकलं, गेटपाशी केबल दिवसभर उघडी पडली होती आणि तिथे पोरं सायकली चालवतात, दोनदा फोन केल्यावर पाइप घातला. हे पहिल्याच रात्री व्हायला हवं होतं, म्हणून पाचातला एक स्टार कमी.

पाऊस ओसरला की ओला तुकडा कापून पक्का हीट श्रिंक जॉइंट (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळ्यांचा) त्यांच्याकडूनच करून घेणार आहोत. मागच्या वेळी जॉइंटवर वाळू नाही की विटा नाहीत, नुसता राडारोडा लोटला होता. या वेळी खड्डा बुजवताना मी स्वतः तिथे उभा राहणार.