जांघेतला हर्निया: जाळी टॅकने ठोकावी की ग्लूने चिकटवावी?
दुर्बिणीच्या ऑपरेशनात हर्नियाच्या भोकावर आतून बसवलेली जाळी सरकू नये म्हणून टॅक किंवा ग्लू वापरतात. टॅक म्हणजे स्प्रिंगसारखा बारीक स्क्रू. टायटॅनियमचा आत कायमचा राहतो, विरघळणाराही मिळतो. पकड पक्की, पण जागा चुकली की पंचाईत. इलिओप्युबिक पट्ट्याच्या, म्हणजे जांघेतल्या तंतुमय पट्ट्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला मांडीकडे जाणाऱ्या नसा असतात. तिथे टॅक बसला तर दुखणं महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. म्हणून तो कूपर लिगामेंटवर, म्हणजे जांघेजवळच्या प्युबिक हाडावरच्या घट्ट पट्ट्यावर मारतात.

फायब्रिन ग्लूने (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा चिकट पदार्थ) नस चिमटत नाही, दुखणंही कमी. हर्निया उलटण्याचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच. माझा कौल ग्लूला. शरीराच्या मध्यरेषेकडचं, म्हणजे मीडियल, भोक मोठं असेल तर मात्र टॅक बरा. आणि टीईपी पद्धतीत, म्हणजे पोटाच्या पोकळीत न शिरता केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात, बहुतेकदा दोन्हींची गरजच नसते. सर्जनला आधी तेच विचारा.