आईचं कानाचं मशीन: मशीन ठीक, ऑडिओलॉजिस्ट एक नंबर (4/5)

क्लिनिकचं नाव टाकत नाही, उगाच जाहिरात वाटते. मशीन कानामागे बसणारं, 312 नंबरच्या बॅटरीवालं. बॅटरी जेमतेम आठवडा जाते आणि एवढीशी असते की आईला चष्मा लावूनही बदलता येत नाही, त्यामुळे बजेट असेल तर सरळ चार्जिंगवालं घ्या.

खरं कौतुक ऑडिओलॉजिस्ट मॅडमचं, म्हणजे ऐकण्याची टेस्ट करून मशीन लावून देणाऱ्या. आधी एका दुकानात गेलो होतो तिथे दोन-चार बीप ऐकवून थेट किमतीवरच आले. इथे साउंडप्रूफ खोलीत नीट टेस्ट झाली, मग ग्राफ दाखवून सांगितलं की यांना आवाज येतो पण स, श, फ, थ असली अक्षरं गळतात, म्हणून ऐकू येतं पण कळत नाही, आणि तुम्ही ओरडलात तरी ती अक्षरं काही स्पष्ट होत नाहीत, उलट त्यांना वाटतं सगळे आपल्यावर चिडलेत. आई पटकन म्हणाली, हो तसंच वाटतं. मग भिशी का सोडली तेही निघालं. सगळ्या एकदम बोलतात, त्या हसल्या की आपण हसायचं, मध्येच कुणी विचारलं तुझं काय मत गं, की पंचाईत. बायका म्हणायच्या शिष्ट झाली. पण सगळ्यात जास्त लागायचं ते परत विचारलं की बाबांचं "काही नाही, जाऊ दे". मॅडम म्हणाल्या, काका हे आजपासून बंद, टीव्ही म्यूट करायचा, समोर यायचं आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचं. बाबा गप्प. माझी फी इथेच वसूल झाली.

डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) भीती घालून महागडं मॉडेल गळ्यात मारलं नाही हेही आवडलं. लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या 2020 च्या रिपोर्टमध्ये कमी ऐकू येणं हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक धरलाय हे खरं, पण म्हणून मशीन लावलं की डिमेन्शिया होणारच नाही असं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

सुरुवातीला आई भांड्यांच्या आवाजाने वैतागली, ट्यूनिंगनंतर बरं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र अजून बोंबच. भिशीला परत जायला लागलीये, पण भिंतीकडे पाठ करून बसते, मॅडमनीच सांगितलंय.

एक स्टार का कापला? वेटिंगमध्ये नंबर तोंडी पुकारतात. कानाच्या क्लिनिकमध्ये! अहो, एक डिस्प्ले लावा की.