बुलडॉग्ज २०१६ की रिचमंड २०१७?

मेलबर्नला शिकायला गेलेला भाचा विचारतो, ‘मामा, फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) कळायला एकच मोसम बघायचा तर कोणता?’ माझ्या डोक्यात दोन येतात, दोन्ही मेलबर्नच्याच संघांच्या विजेतेपदाचे: बुलडॉग्जचा २०१६चा आणि रिचमंडचा २०१७चा.

साखळीत दोघांनीही २२ पैकी १५ सामने जिंकले. तरी बुलडॉग्ज सातवे, रिचमंड तिसरे. खरा फरक पुढच्या वाटेत पडला. बुलडॉग्जना आधी पर्थला जाऊन जिंकावं लागलं, मग सिडनीत तिथल्याच जायंट्स संघाला हरवलं ते जेमतेम ६ गुणांनी. रिचमंडचे फायनल्समधले (साखळीनंतरच्या बाद फेरीतले) तिन्ही सामने मेलबर्नमध्येच, एमसीजी मैदानावर झाले, तेही ३५हून जास्त गुणांनी जिंकलेले. त्यामुळे धाकधूक कमी.

विजेतेपदाची प्रतीक्षा बुलडॉग्जची ६२ वर्षांची, रिचमंडची ३७.

वैयक्तिक खेळात मात्र रिचमंडच सरस. त्यांच्या डस्टिन मार्टिनने ब्राउनलो पदक (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), नॉर्म स्मिथ पदक (अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू) आणि विजेतेपद एकाच मोसमात मिळवलं, असं करणारा तो पहिलाच. पण गुडघा दुखावल्याने बाहेर बसलेल्या बुलडॉग्जच्या कर्णधार बॉब मर्फीच्या गळ्यात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने स्वतःचं विजेतेपदाचं पदक घातलं, तो क्षण मला आजही हलवतो.

खेळातलं कसब शिकायचं असेल तर रिचमंड बघ. मेलबर्नची माणसं या खेळासाठी का रडतात हे कळायला हवं असेल, तर बुलडॉग्जच.