आखाजीला धाब्यावर कोणता स्पायडरमॅन लावावा: दुसरा की तिसरा?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, भाचरं जमतात आणि मांडे-आमरसाचं जेवण आटोपलं की पोरं पिक्चरसाठी मागे लागतात. प्रोजेक्टर भाड्याने आलेला असतो, धाब्यावर म्हणजे घराच्या गच्चीवर चादर ताणलेली असते. वाद उरतो तो एवढाच, की सॅम रेमींचा ‘स्पायडरमॅन २’ (२००४) लावायचा की ‘स्पायडरमॅन ३’ (२००७). हिंदीत दोन्ही मिळतात आणि पहिला भाग बहुतेकांचा पाहून झालेला असतो, म्हणून थेट फरकाकडे वळतो.

आधी घड्याळ बघा. या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण चादरीवर चित्र नीट उठायला साडेसात उलटावे लागतात. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी. दुसरा भाग १२७ मिनिटांचा आहे. सात चाळीसला सुरू केला आणि मध्ये दहा मिनिटं थांबलात, तरी नऊ सत्तावन्नला संपतो. तिसरा १३९ मिनिटांचा, म्हणजे दहा वाजून नऊ मिनिटं. शेवट आवाज बंद करून बघण्यात काय मजा?

दुसरी अडचण उजेडाची. तिसऱ्यातला पोशाख काळा, खलनायक व्हेनम काळा आणि शेवटची लढाई रात्रीच्या बांधकामावर. साध्या चादरीवर काळा रंग करडा दिसतो आणि कोण कोणाला मारतंय ते मागच्या रांगेला कळत नाही. दुसऱ्यातली बँकेतली झटापट आणि रेल्वेच्या टपावरची लढाई, दोन्ही दिवसाउजेडी घडतात. मळकट चादरीवरही त्या स्वच्छ दिसतात. (चादरीच्या खालच्या काठात बांबू शिवून घ्या. संध्याकाळचा वारा सुटला की ती शिडासारखी फुगते आणि दुसऱ्यातला खलनायक डॉक्टर ऑक्टोपस याचे हात आणखीच वेडेवाकडे होतात.)

एवढ्यावरूनच निवड करायची असती तर पांढरा फ्लेक्स आणि जास्त उजेडाचा प्रोजेक्टर आणून तिसराही चालला असता. खरा फरक गोष्टीत आहे.

दुसऱ्या भागात प्रत्येक संकट पीटरच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्याच, कर्तव्यातून उगवतं. लोकांना वाचवताना उशीर होतो, म्हणून २९ मिनिटांत पोचवायचा पिझ्झा वेळेत पोचत नाही. म्हणून नोकरी जाते, म्हणून भाडं थकतं. त्याची लाडकी मेरी जेन, तिचं नाटक हुकतं ते याच ओढाताणीत. शेवटी तो पोशाखच कचऱ्यात टाकतो. मध्यंतर तिथेच घ्या, पोरं पाणी प्यायला उठणार नाहीत. एका कडीला दुसरी अशी घट्ट अडकलेली आहे, की मधून आलेल्या आत्यालाही मागचं समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्यात याच कड्यांच्या जागी योगायोग आले आहेत. काळं आवरण घेऊन उल्का पडते ती नेमकी पीटर आणि मेरी जेन बसलेल्या बागेत. पळून चाललेला कैदी मार्को नेमका चालू प्रयोगाच्या खड्ड्यात पडतो आणि सँडमॅन, म्हणजे वाळूचा माणूस, होतो. पीटर काळं आवरण ओरबाडून काढतो, तेव्हा त्याचा वैरी छायाचित्रकार एडी ब्रॉक त्याच चर्चमध्ये खाली उभा असतो आणि व्हेनम होतो. एक योगायोग प्रेक्षक पोटात घालतो. तिसऱ्या वेळी मात्र लिहिणाऱ्याचा हात दिसायला लागतो.

तरीही मी कदाचित तिसऱ्याच्या बाजूने बोललो असतो. माझं मन फिरलं ते पीटरचा मित्र हॅरी याच्या घरातल्या म्हाताऱ्या नोकरामुळे. आपल्या बापाला स्पायडरमॅनने मारलं या समजुतीवर हॅरीचा सगळा सूड उभा आहे. दुसऱ्या भागात हा समज त्याला आतून पोखरतो, तिसऱ्यात तो पीटरवर तुटून पडतो, स्मृती गमावतो, ती परत मिळवतो. आणि थिएटरात लागलेल्या आवृत्तीत, शेवटच्या लढाईच्या तोंडावर, हा नोकर पुढे येऊन सांगतो की त्या रात्री साहेबांची जखम मीच साफ केली होती, पातं त्यांच्याच ग्लायडरचं, म्हणजे उडत्या यंत्राचं, होतं. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं! दुसऱ्या भागातही तो त्याच घरात वावरताना दिसतो. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर सूडच उरला नसता. दहा-बारा वर्षांचं पोरही इथे विचारतं, “मग आधी का नाही सांगितलं?” याला चित्रपटाकडे उत्तर नाही.

अधिक वाईट वाटतं ते याचं, की पुरावा हॅरीच्या हाताशीच होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी आरसा फोडून तो बापाची गुप्त खोली शोधून काढतो. बापाची हत्यारं, बापाचं यंत्र, सगळं त्याच्यासमोर असतं. पातं आणि जखम यांचा मेळ त्याने स्वतः लावला असता, तर पीटरच्या मदतीला जाणं हा त्याचा स्वतःचा निर्णय ठरला असता. त्याच्या मरणालाही मग वजन आलं असतं.

पीटरच्या मारल्या गेलेल्या बेन काकांच्या बाबतीतही तेच झालं आहे. दुसऱ्या भागात पीटर मे काकूंपुढे टेबलाशी बसून काकांच्या मरणाला आपण जबाबदार असल्याची कबुली देतो, काकू हात काढून घेतात आणि काही न बोलता वर निघून जातात. मारामारी नसलेला हा प्रसंग सगळ्या गच्चीला गप्प करतो. तिसरा भाग सांगतो की गोळी मार्कोची होती, तीही चुकून सुटलेली. पीटरच्या अपराधाला त्यामुळे पातळपणा येतो.

तिसऱ्यात एवढी गर्दी का झाली, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. रेमींचा जीव सँडमॅनमध्ये होता. व्हेनम घ्यावा हा निर्माते अवी अराद यांचा आग्रह होता. एका चित्रपटात तीन खलनायक आले आणि ब्रॉकला माणूस म्हणून उभं राहायला वेळच उरला नाही. गल्ला तिसऱ्याने जास्त जमवला, भोजपुरीतही तो डब होऊन आला, पण दृश्यपरिणामांचं ऑस्कर दुसऱ्याकडेच आहे.

तिसऱ्यात एक प्रसंग मात्र असा आहे की त्याची बरोबरी दुसऱ्यातही सापडणं कठीण. वाळूचा कण कण गोळा होत मार्को उभा राहायला बघतो, कोसळतो, मुलीचं लॉकेट उचलू पाहतो आणि ते बोटांतून निसटतं. एकही संवाद नाही. तापीकाठच्या वाळूत खेळलेल्या पोरांना तो वेगळाच भिडतो.

म्हणून माझ्या मते रात्री धाब्यावर दुसरा लावावा. पहिल्या तासात डॉक्टर ऑक्टोपसच्या ऑपरेशनच्या खोलीतला प्रसंग येतो, तेव्हा सहा-सात वर्षांच्या आतली मुलं आईजवळ बसवा आणि आवाज निम्म्यावर आणा, किंकाळ्या फार आहेत. व्हेनमसाठी पोरं हटूनच बसली, तर तिसरा दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर, कूलरच्या खोलीत, पडदे ओढून. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना तसंही कुणी उन्हात जात नाही, आणि टीव्हीवर काळा रंग काळाच दिसतो.