घडीचा चाकू घेताय: बेअरिंगचा की वॉशरचा?

घडीच्या चाकूचं पातं मधल्या स्क्रूभोवती फिरतं, आणि तिथं पात्याच्या दोन्ही अंगांना एकतर छर्ऱ्यांचं बेअरिंग असतं, नाहीतर सपाट चकत्या, म्हणजे वॉशर. दोन्ही चाकू दुकानात शेजारी ठेवून उघडून बघितले तर बेअरिंगचाच मनात भरणार. पात्याच्या मागच्या कानावर बोट दाबलं की पातं सटकन बाहेर येतं आणि लॉक टक्कन बसतं. वॉशरचा नवा चाकू त्याच्यापुढं सुस्त वाटतो, अंगठ्यानं ढकलत न्यावा लागतो. पण चाकू कोल्हापुरात वापरायचा आहे: उसाच्या सरीत, गुऱ्हाळावर, ठिबकची नळी आणि खताच्या पोत्याची शिलाई कापायला. असा पाच-सहा महिने वापरल्यावर कोणता सहज उघडतो ते बघून निवड करावी, या मताचा मी आहे.

बेअरिंगच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना पिंजऱ्यात बसवलेले १.५ मिलिमीटरच्या आसपासचे छर्रे असतात. मधला स्क्रू चांगला आवळला तरी पातं मोकळं फिरतं, त्यामुळं ते आडवं हलत नाही आणि जुळवाजुळव फारशी लागत नाही. वॉशरच्या चाकूत फॉस्फर ब्राँझच्या दोन पातळ चकत्या पात्याला सपाट टेकलेल्या असतात. तिथं स्क्रू अष्टमांश फेरा जास्त आवळला की पातं जड होतं, तेवढाच सैल झाला की पातं डुलतं. नव्या वॉशरची खरखर असते ती वेगळीच, वापरून वापरून जाते. एका हातानं सारखी उघडमीट करणाऱ्याला बेअरिंगइतकं सुख वॉशर देणार नाही, हे मान्य करायलाच हवं.

चाकू जड उघडतो म्हणून मधल्या स्क्रूला हात घालण्याआधी मात्र एक तपासणी करा. उघडं पातं अडवून धरणारी लॉकची पट्टी (लाइनर लॉकमध्ये ती मुठीच्या आत असते, फ्रेम लॉकमध्ये मुठीचाच भाग असते) अंगठ्यानं बाजूला दाबून धरा आणि पातं अर्धवट उघडून जपून पुढंमागं फिरवा. ते मऊ फिरत असेल तर वॉशर किंवा बेअरिंगचा दोष नाही. अडथळा पट्टीवरच्या बारीक गोळीचा आहे. मिटलेलं पातं धरून ठेवायचं काम ती करते आणि उघडताना पात्याच्या अंगावर घासत जाते. तिच्या वाटेवर टाचणीच्या टोकावर मावेल एवढं तेल लावलं की बरीचशी तक्रार मिटते. फ्रेम लॉकमध्ये तर पुष्कळदा आपलीच बोटं पट्टीवर दाब देऊन बसतात, गोळी आणखी रुतते आणि चाकूच खराब निघाला असं वाटतं. बोटं पट्टीवरून काढून मुठीच्या कडेला धरली की तोच चाकू उघडतो.

आता मुद्द्याचं. बेअरिंग माझ्या मनातून उतरलं ते आत शिरणाऱ्या मातीपेक्षा ती माती बाहेर काढायच्या कटकटीमुळं.

शिरोळकडची काळी माती वाळली की पीठ होते, शाहूवाडीकडं तांबडी. खिशातल्या सुताचे तंतू त्यात मिसळतात. वॉशर सपाट टेकलेला असल्यानं त्याच्या आत शिरायला जागा थोडी. बेअरिंगमध्ये दोन छर्ऱ्यांच्या मध्ये पोकळीच असते. माती तिथं जाऊन बसते आणि तेल तिला धरून ठेवतं. मग पातं करकरायला लागतं, मध्येच अडतं. वॉशरच्या चाकूत असं झालं तर कोमट साबणाच्या पाण्यात वीस-पंचवीस वेळा उघडमीट करा, वाहत्या नळाखाली धरा, झटकून पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि एक थेंब तेल सोडा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं, चाकू खोलावा लागत नाही. बेअरिंगचा चाकू असाच धुतला तर वरवरची घाण जाते, पिंजऱ्यामागची तशीच राहते, कधीकधी सैल झालेली माती आणखी आत सरकते. तो खोलावाच लागतो.

खोलणं म्हणजे काय, हे विकणारा सांगत नाही. मधला स्क्रू बहुधा टी-८ किंवा टी-१० टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा) असतो, मुठीचे टी-६. टी-६चं डोकं इतकं उथळ असतं की हलका पाना एकदा घसरला की खाच गोल होते आणि पुढं ड्रिलशिवाय इलाज उरत नाही. आट्यांना कारखान्यातच लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लावलेलं असतं. स्क्रू हलत नसेल तर जोर करू नका. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्याला अर्धा-एक मिनिट टेकवा, मग पाना लावा (मूठ प्लॅस्टिकची असेल तर जपून, ती वितळते). एक बाजू उचलली की पिंजरा कधी पात्याला चिकटून येतो, कधी मुठीला, आणि झिजलेल्या पिंजऱ्यातून छर्रे निसटतात. तो छर्रा फरशीवर पडला की गेलाच म्हणायचा. म्हणून हे काम कडा असलेल्या पांढऱ्या थाळीत करा आणि चुंबक हाताशी ठेवा. सिरॅमिकचे छर्रे चुंबकाला येत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या. काही पिंजऱ्यांना सुलट-उलट बाजू असते. उलटा बसला तर पिंजरा घासतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं, तेव्हा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. हा सगळा उद्योग सुगीत दर महिन्या-दोन महिन्यांनी करायची तयारी असेल तर बेअरिंग जरूर घ्या. माझी नाही.

पावसाळ्यातही पारडं वॉशरकडंच झुकतं. गगनबावड्याच्या पावसात चाकू कोरडा राहणं कठीण. साध्या पोलादाचे छर्रे गंजतात, आणि गंजलेला छर्रा घरंगळायचं सोडून घासायला लागतो. ब्राँझला गंज चढत नाही. हिरवट कळंक येतो, तो फडक्यानं पुसला की जातो. टायटॅनियमच्या मुठीत छर्ऱ्यांखाली कडक पोलादाची चकती आहे का, हेही विचारून घ्या. नसेल तर छर्रे त्या धातूत चर पाडतात.

वॉशरची सुरुवातीची खरखर चाकू खोलून घालवता येते, आणि ते काम एकदाच करायचं असतं. काचेच्या तुकड्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा. वॉशर त्यावर ठेवून बोटाच्या हलक्या दाबानं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवा, प्रत्येक बाजूला पंधरा-वीस फेरे. पृष्ठभागावर सगळीकडं सारखी झळाळी आली की थांबा. एकच वॉशर जास्त घासला तर पातं मधोमध न राहता एका अंगाला सरकतं आणि मिटताना मुठीच्या पट्टीला घासतं, म्हणून दोन्हींना सारखेच फेरे द्या. कडेला बर (धातूची खरबरीत कूस) राहिली असेल तर तीही काढा. मग मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) वॉशर, पातं आणि मुठीची आतली बाजू पुसून घ्या. घासलेल्या धातूची काळी पूड आत राहिली तर सगळी मेहनत वाया.

जोडताना प्रत्येक वॉशरला एकेक थेंब तेल पुरे. जास्त घातलं तर तेलाचा थर पात्याला ओढून धरतो आणि चाकू पूर्वीपेक्षा जड होतो. स्क्रू आधी पातं जड होईपर्यंत आवळा, मग अगदी थोडा थोडा सोडत या. दर वेळी पात्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवून बघा. हलत नाही आणि पातं मोकळं फिरतं, ती जागा सापडली की किती सोडलं ते लक्षात ठेवा. स्क्रू काढून फक्त आट्यांना काडीच्या टोकानं निळं लॉकटाइट लावा, परत त्याच जागी आणा आणि चोवीस तास चाकूला हात लावू नका. हे लॉकटाइट आत वॉशरकडं ओघळलं तर पातंच जाम होतं. लाल लॉकटाइट या कामाला घेऊच नका, ते फार तापवल्याशिवाय सुटत नाही.

तेल शिलाई मशीनचं चालतं. चाकूनं फळं चिरणार असाल तर औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन बरं. खोबरेल हाताशी असतं, पण २४ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं, आणि थंडीत सकाळी शेतावर चाकू अडून बसतो. गोडेतेलाचा काही दिवसांनी चिकट थर होतो. गुऱ्हाळावर काकवी लागली असेल तर तिच्यावर तेल ओतून काही होत नाही. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही, म्हणून आधी गरम पाणी, मग वाळवणं, मग तेल. इथंही बेअरिंग मागं पडतं, कारण पिंजऱ्यात अडकलेलं पाणी लवकर वाळत नाही.

ऑफिसात कुरिअरची खोकी उघडायला, घरात सटरफटर कापायला चाकू हवा असेल तर बेअरिंगचा घ्यायला हरकत नाही, तिथं तो वर्षानुवर्षं मऊ चालू शकतो. शिरोलीतल्या फाउंड्रीत किंवा उद्यमनगरातल्या टर्निंग शॉपमध्ये काम असेल तर मात्र वॉशरच बघा. वाळू आणि लोखंडाचा बारीक कीस शेतातल्या मातीपेक्षा वाईट. वॉशरचा चाकू घेताना खरखरीवर जाऊ नका, ती निघते. पातं मिटल्यावर मधोमध बसतं का आणि मधला स्क्रू टॉर्क्सचा आहे की रिव्हेट ठोकलेला, एवढं तपासा. रिव्हेट असेल तर वरचं घासणं-जुळवणं काहीच करता येणार नाही.