पिण्याच्या पाण्याची जागा: ईशान्य कोपरा, उत्तरेची भिंत की सिंकशेजार?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्याच आठवड्यात फिल्टर बसवणारा कारागीर ड्रिल हातात घेऊन विचारतो, "पॉइंट कुठे काढू?", आणि घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. थोरल्यांचे म्हणणे असते की पिण्याचे पाणी ईशान्येलाच हवे. धाकटे म्हणतात की सिंकपाशी नळ आहे, सांडपाण्याची वाट आहे, प्लगही आहे, मग नव्या टाइल्सना आणखी भोके कशाला? ठाण्यात ढोकाळीला आमच्या घरी आणि नवी मुंबईत नेरूळला माझ्या बहिणीच्या घरी हा वाद काही वर्षांच्या अंतराने झाला आणि दोन्हीकडे निकाल वेगळा लागला. ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांच्यासाठी या दोन स्वयंपाकघरांच्या आधाराने पर्यायांची तुलना येथे करीत आहे.

आधी वास्तुशास्त्रात काय आहे ते पाहू, कारण त्याच्या नावावर बरेच काही खपवले जाते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आणि इ.स. 1600 च्या सुमारास काशीत रामदैवज्ञाने रचलेल्या मुहूर्तचिंतामणीत पाण्याच्या दिशांची फळे सांगितली आहेत. मात्र त्यांच्यासमोर विहीर आणि जलाशय होते, भिंतीवरचा फिल्टर नव्हता. ईशान्य आणि उत्तर या दोन दिशा दोन्ही ग्रंथ शुभ मानतात. आग्नेय, दक्षिण, नैऋत्य आणि वायव्य या चारही दिशा दोघेही नाकारतात. पूर्व आणि पश्चिम यांबाबत मात्र दोघांचे जमत नाही: पूर्वेच्या पाण्याने बृहत्संहिता संततीची हानी सांगते, तर मुहूर्तचिंतामणी त्याच पाण्याला ऐश्वर्यवर्धक ठरवते, आणि पश्चिमेला एकाकडे दोष तर दुसऱ्याकडे संपत्ती. त्यामुळे "पूर्वेला चालते का हो?" या प्रश्नाला दोन सल्लागारांकडून दोन उत्तरे आली, तर त्यांतला एक अडाणी असलाच पाहिजे असे नाही. ही मतभिन्नता जुनीच आहे.

आणखी एक गोंधळ येथेच मिटवलेला बरा. जमिनीखालची टाकी ईशान्येला आणि गच्चीवरची टाकी नैऋत्येला किंवा पश्चिमेला, असे आजचे वास्तुसल्लागार सांगतात. सोसायटीत या दोन्ही टाक्या बिल्डरने केव्हाच बांधून टाकलेल्या असतात. आपल्या हाती उरते ते फक्त पिण्याचे पाणी, आणि येथील चर्चा तेवढ्यापुरतीच आहे.

ईशान्य कोणाची धरायची, संपूर्ण घराची की स्वयंपाकघराची, हा खरा निर्णायक प्रश्न आहे. टू बीएचके फ्लॅटमध्ये घराचा ईशान्य कोपरा अनेकदा हॉलमध्ये किंवा निजायच्या खोलीत येतो. तेथे पाणी ठेवायचे म्हणजे प्रत्येक भांडे स्वयंपाकघरातून भरून न्यायचे. चार दिवस हौसेने होते, पाचव्या दिवशी माठ रिकामा आणि बाटल्या फ्रिजमध्ये. माझे मत स्पष्ट आहे की स्वयंपाकघर हेच एकक धरावे आणि त्याच्या ईशान्येचा विचार करावा. बहुतेक सल्लागारही शेवटी या तडजोडीवर येतात.

आमच्या ढोकाळीच्या घरात हे सहज जमले, कारण ओटा पूर्वेच्या भिंतीला आहे. ओट्यापुढे उभे राहिले की तोंड पूर्वेला, उजव्या हाताला आग्नेयेत शेगडी, डाव्या हाताला ईशान्येत सिंक. फिल्टर सिंकच्या वर बसला आणि शास्त्र व प्लंबर दोघेही एकाच भोकात खूश झाले. अडचण आली ती देवघराची. बृहत्संहितेने ईशान्य कोन देवांना दिला आहे, आणि लहान फ्लॅटमध्ये देवघरही बहुधा स्वयंपाकघरातच असते. एका कोपऱ्याचे असे दोन हक्कदार झाले. खरकट्या भांड्यांच्या सिंकला लागून देव ठेवणे आईंना पटेना. अखेर सिंक आणि फिल्टर ओट्याच्या टोकाला राहिले आणि देवघर उत्तरेच्या भिंतीवर, सिंकचे शिंतोडे पोहोचणार नाहीत इतके अंतर राखून बसवले. ज्यांना देवघर ऐन कोपऱ्यातच हवे आहे, त्यांनी पाणी उत्तरेच्या भिंतीकडे सरकवावे. उत्तर दोन्ही ग्रंथांना मान्य असल्याने यात काही गमावत नाही.

नेरूळचे स्वयंपाकघर मात्र उलटे. दहा फूट बाय आठ फुटांची खोली, ओटा दक्षिणेच्या भिंतीला, शेगडी पूर्वेकडच्या टोकाला आणि सिंक पश्चिमेकडच्या टोकाला, म्हणजे नेमके नैऋत्येत. पश्चिमेच्या भिंतीत ड्राय बाल्कनीचे, म्हणजे धुण्याभांड्यांच्या छोट्या सज्जाचे, दार आहे. येथे चार वाटा होत्या. फिल्टर सिंकवरच बसवणे सर्वांत स्वस्त, पण नैऋत्येचे पाणी दोन्ही ग्रंथ निषिद्ध मानतात, तेव्हा मनात अढी राहिली असती. सिंकच ईशान्येला हलवणे हा दुसरा मार्ग, आणि तो मी कोणालाही सुचवणार नाही: सांडपाण्याची नळी डक्टपासून, म्हणजे इमारतीच्या नळ्या जेथून खाली जातात त्या पोकळीपासून, लांब न्यायची तर तिला उतार द्यावा लागतो, त्यासाठी जमीन फोडावी लागते, सोसायटीची परवानगी लागते, आणि पुढे कधी खालच्या घराच्या छताला ओल आली की भांडण आपल्या दारात येते. तिसरी वाट फिल्टर ईशान्येला नेण्याची. फिल्टरची नळी बोटापेक्षाही बारीक असते, त्यामुळे ती ड्राय बाल्कनीच्या चौकटीवरून वीस-बावीस फूट फिरवता येते. पण फिल्टर आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा, असेल तर टाकाऊ पाण्याची दुसरी नळी तेवढीच लांब परत सिंकपर्यंत आणावी लागते, आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर त्या दोन नळ्यांचा संसार रोज डोळ्यांना खुपतो.

बहिणीने चौथी वाट धरली, आणि अशा स्वयंपाकघरासाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते. फिल्टर हे यंत्र आहे; त्याला नळ, निचरा आणि वीज जेथे असेल तेथे, म्हणजे सिंकपाशी, राहू द्यावे. पिण्याचे पाणी म्हणून आपण जे भरून ठेवतो, पाहुण्याला तांब्याभांड्यातून देतो, त्याची जागा मात्र ईशान्येला करावी. तिने उत्तरेच्या भिंतीला लागून, पूर्वेकडच्या कोपऱ्यात, सासूबाईंची जुनी लाकडी घडवंची ठेवली, तीवर तोटीचा माठ, शेजारी तांब्याची कळशी. सकाळी एकदा फिल्टरमधून पाणी भरायचे, एवढेच जास्तीचे काम. या व्यवस्थेत वास्तूचे पाणी कोणते आणि पाइपचे पाणी कोणते, हा वादच उरत नाही.

आरओ घ्यावा की नाही याचा जागेशी थेट संबंध आहे, म्हणून दोन वाक्ये. नवी मुंबई महापालिकेचे पाणी प्रामुख्याने मोरबे धरणातून, तर ठाण्याचे मोठ्या प्रमाणात भातसा नदीतून येते. नदी-धरणाच्या अशा पाण्यात क्षारांचे प्रमाण सहसा कमीच असते, तेव्हा अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या यूव्ही किंवा बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यूएफ फिल्टरने काम भागते, टाकाऊ पाण्याची नळी लागत नाही आणि फिल्टर ईशान्येला नेण्याची तिसरी वाटही पुष्कळ सोपी होते. ठाण्यातील घोडबंदर रोडवरील काही सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जाते. तेथे आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून घ्यावा आणि तो भारतीय मानकाच्या 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर जात असेल तरच आरओचा विचार करावा.

माठ ठेवणाऱ्यांनी दिशेइतकाच वाऱ्याचा विचार करावा. माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत मुळातच ओल असल्यामुळे ते विदर्भातल्यासारखे गार कधीच होत नाही. त्यात माठ बंद कोपऱ्यात गेला तर उरलासुरला गारवाही जातो. पश्चिमेच्या ड्राय बाल्कनीत दुपारनंतर खाडीवरून वारा येतो हे खरे, पण त्याच वेळी तिरपे ऊनही येते, शिवाय तेथे वॉशिंग मशिन आणि कबुतरे. पश्चिम ही वरुणाची दिशा आहे, एवढ्या एका कारणावर पिण्याचे पाणी तेथे नेऊ नये. उत्तरेच्या भिंतीला वर्षातला बराच काळ थेट ऊन लागत नाही. येथे वास्तू आणि व्यवहार यांचे चांगले जुळते. पावसाळ्यात माठाच्या बुडाशी बुरशी धरते, तेव्हा तो भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून कोरडा होऊ द्यावा आणि एरवी घट्ट झाकावा, कारण डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतात.

शेगडीशेजारी, म्हणजे आग्नेयेला, पाणी नको यावर शास्त्राचे आणि फोडणीच्या तेलाचे एकमत आहे. संडासाच्या सामाईक भिंतीवरही फिल्टर लावू नये. वास्तू सोडा, त्या भिंतीच्या आतून कोणत्या नळ्या गेल्या आहेत हे ड्रिल चालवणाऱ्याला ठाऊक नसते.

दिशा ठरवताना मोबाइलमधील होकायंत्र फ्रिजपाशी किंवा गॅस सिलिंडरपाशी धरू नये, कारण लोखंडाजवळ ते बहकते. आमच्याकडे ओट्यावरचे माप आणि खोलीच्या मध्यभागी घेतलेले माप यांत चांगलाच फरक आला होता. दोन-तीन ठिकाणी मोजावे आणि शक्य तर सोसायटीच्या मंजूर नकाशावरील उत्तरेच्या बाणाशी ताडून पाहावे.

भाड्याच्या घरात भिंत फोडायची सोय नसते आणि अकरा महिन्यांच्या करारासाठी ती फोडूही नये. तेथे ओट्यावर ठेवण्याचा, वीज न लागणारा फिल्टर घेऊन तो उत्तरेकडच्या टोकाला ठेवावा. घर बदलताना तो माठाबरोबरच टेम्पोत चढतो.