एनव्हीडीए: आता बाबांना वाचून दाखवावं लागत नाही

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाबा मला नोट्स वाचून दाखवायचे. आता एनव्हीडीए हा संगणक प्रोग्राम वाचतो. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे. पेन ड्राइव्हवरूनही चालतो, त्यामुळे लायब्ररीतल्या कुठल्याही विंडोज संगणकावर मी बसते. त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या यंत्रणेचा मराठी आवाज कोरडा, पण पटकन सवय झाली.

अडतं ते कॉलेजच्या सूचनांवर. स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, ती उघडली की एनव्हीडीए गप्पच! इंग्रजी मजकूर इन्सर्ट आणि आर दाबून ओळखता येतो, मराठी नाही. परीक्षेचं वेळापत्रक मैत्रिणीला विचारावं लागलं, फार लागलं मनाला. तीच सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षरं म्हणून कळणाऱ्या मजकुरात, टाइप केलेली असती, तर माझी मीच वाचली असती. ऑफिसातल्या ताईंना हेडफोन लावून हे ऐकवलं. पुढची सूचना त्यांनी टाइप करून पाठवली.